गवत ओलं होतं

"तू घसरला होतास, एवढंच त्यांना सांग," मिस ओडेसा म्हणाल्या. "म्हणजे विषय मिटला."

सगळे गाव त्या थोरल्या बाईंना मानाने 'मिस' म्हणायचे. एमेट हार्डवे त्यांच्या परसात एसीच्या खोक्यापुढे उकिडवा बसला होता. झाकण काढून त्याने बाजूला गवतात ठेवले होते आणि आतल्या जाळीत अडकलेला कापूस तो बोटांनी ओढून काढत होता. शेतांतून कापूस निघायला लागला की कोल्डवेल गावातल्या प्रत्येक घराच्या यंत्रात तो थोडाथोडा शिरतो, यंत्र तापते आणि मग एमेटला बोलावणे येते. मिसिसिपीच्या त्या सपाट मुलखात सप्टेंबरसुद्धा अंगाला चिकटतो.

"कुणाला सांगू, मिस ओडेसा?"

"त्या हॉल ऑफ फेमवाल्यांना. काल टीव्हीवर होतं. कॉर्नेल मॅबरीचं नाव पुन्हा पुढे आलंय म्हणे. या खेपेला नाही तर मग कधीच नाही. आणि लगेच तो फोटो दाखवला मेल्यांनी. मी टीव्ही बंदच केला. माझ्या घरात तो फोटो मी बघत नाही, पोरा, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"गवत ओलं होतं."

"हो, मॅम," एमेट म्हणाला आणि झाकण बसवून स्क्रू आवळू लागला.

एमेट आता सत्तरीला टेकला होता. गावात त्याला सगळे ओळखत. कुणाच्या घरात कोणते यंत्र आहे आणि ते कधी रुसते हे त्याला पाठ होते. गावाबाहेर मात्र गंमत होती. जिथे जिथे लोक अमेरिकन फुटबॉल, हातांनी खेळायचा तो, पाहत, तिथे त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते आणि त्याची पाठ सगळ्यांना ठाऊक होती.

तरुणपणी तो जवळच्या मेम्फिस शहराच्या संघात तीन मोसम खेळला. काम सांगायला सोपे होते. समोरच्या संघाचा रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा गडी, जिकडे जाईल तिकडे आपण जायचे आणि त्याला झेल घेऊ द्यायचा नाही. दूर उत्तरेकडच्या ओमाहाच्या संघाचा रिसीव्हर होता कॉर्नेल मॅबरी. डिसेंबरातल्या एका सामन्यात, जो जिंकेल तो अंतिम फेरीत जाणार अशा सामन्यात, अगदी शेवटी मॅबरीने एक झेल घेतला आणि मेम्फिस हरले. त्या क्षणाचा फोटो अजून छापला जातो. मॅबरी हवेत आहे, दोन्ही हात लांब केलेले, चेंडू बोटांच्या टोकांवर. त्याच्या मागे मेम्फिसचा एक खेळाडू गुडघ्यांवर, हात जमिनीला टेकलेले, मान खाली. चेहरा दिसत नाही. पाठीवरचा आकडा तेवढा दिसतो, सत्तावीस. वर्तमानपत्राने फोटोखाली 'प्रार्थना' असे छापले आणि तेच नाव पडले.

सामना झाला त्याच संध्याकाळी मेम्फिसच्या प्रशिक्षकाने पत्रकारांना सांगितले की पोरगा घसरला. सकाळी गारठवणारा पाऊस पडून गेला होता हे खरे होते. पण गावात ही गोष्ट नेली ती एमेटच्या आईने. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची, चारचौघांत तोंड उघडणारी नव्हती. त्या रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि म्हणाली, "गवत ओलं होतं. माझा मुलगा घसरला." खाली बसली. एवढेच. त्या दिवसापासून कोल्डवेलमध्ये कुणी त्यावर शंका घेतली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मेम्फिसने त्याला सोडून दिले आणि तो गावी आला, तेव्हा तर गावाने त्याला घसरलेला मुलगा म्हणूनच उराशी धरले. गुन्हा गवताचा होता.

एमेट स्वतः ते वाक्य कधी बोलला नव्हता. दुसरे कुणी म्हणाले की तो "हो, मॅम" किंवा "हो, सर" म्हणायचा, आणि हातातले काम पुढे चालवायचा.

त्याच आठवड्यात ओमाहाहून फोन आला. पॉला क्रेचमर नावाची बाई, वर्तमानपत्रात खेळांवर लिहिणारी. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, कुणाला घ्यायचे हे जे पत्रकार मतदान करून ठरवतात त्यांतली ती एक, आणि मॅबरीची बाजू त्यांच्यापुढे मांडायचे काम तिच्याकडे होते. फोनवर बोलण्यापेक्षा ती प्रत्यक्षच येते म्हणाली. मेम्फिसला विमानाने आली आणि तिथून गाडी चालवत कोल्डवेलला.

एमेटची बायको व्हर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. पाहुण्याला खायला घातल्याशिवाय ती बोलू देत नसे आणि आवडत नसलेल्या पाहुण्याला तर जास्तच घालत असे. पॉलाच्या ताटात पीच घालून भाजलेल्या केकचा दुसरा तुकडा आला तेव्हा एमेटने ओळखले की बाईचे काही खरे नाही.

"मी नऊ वर्षांची असताना वडील मला सामन्यांना न्यायचे," पॉला म्हणाली. पन्नाशीची, केस आखूड कापलेली, बुटांवर रस्त्याची लाल धूळ. "मी मॅबरीला पाहिलंय. पण आमच्या मतदानाच्या खोलीत बसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी नाही पाहिलं. ते आकडे बघतात. आणि आकडे कमी पडतात, मिस्टर हार्डवे. ओमाहाचा संघ चेंडू फेकायचाच नाही फारसा, हातात धरून पळायचा. मॅबरीचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांना वाट करून देण्यासाठी अंगावर धडका घेण्यात गेलं. त्याचे आकडे कुणी ठेवत नाही."

"मग घेऊ नका त्याला," व्हर्लीन म्हणाली. "चहा देऊ अजून? गोड आहे ना पुरेसा?"

"पुरेसा आहे. म्हणजे मग राहतो तो एक झेल. मी तो झेल पुढे केला की ते म्हणतात..." ती थांबली.

"की अडवणारा घसरला होता," एमेट म्हणाला.

"हो. देणगी होती, म्हणतात. कुणीही घेतला असता."

"घसरलाच होता," व्हर्लीन म्हणाली. "गवत ओलं होतं. सगळ्या गावाला विचारा."

पॉला तिच्याकडे न पाहता एमेटकडे पाहत राहिली. "मी तो सामना पुन्हा पुन्हा पाहिलाय," ती म्हणाली. "कॅमेरा चेंडूबरोबर गेला. तुम्ही पडलात ते त्यात नाही. तिथे दोनच माणसं होती, आणि मॅबरी आता... तो फारसं बोलत नाही. म्हणून मी तुमच्याकडे आले. तुम्ही घसरला होतात असं म्हणालात तर मी तेच लिहून घेईन आणि परत जाईन. तुमच्यावर माझा काही हक्क नाही."

एमेटने ताटातला केकचा चुरा काट्याने गोळा केला. "उद्या सकाळपर्यंत आहात?"

"आहे. हमरस्त्यावरच्या मोटेलात."

"मग उद्या सकाळी या."

ती गेल्यावर व्हर्लीनने ताटे जरा जास्तच आवाज करत गोळा केली. "यात विचार काय करायचाय? त्या माणसाने तुझं काय भलं केलं?"

"वाईट तरी काय केलं?"

"वाईट काय केलं म्हणतोय. तुझ्या दोन्ही पोरी लहान असताना शाळेतून रडत यायच्या. पोरं गुडघ्यावर बसून दाखवायची त्यांना. मी सांगायचे, गवत ओलं होतं म्हणा. म्हणायच्या बिचाऱ्या." ती नळ सोडून उभी राहिली. "आता त्यांना काय सांगायचं?"

एमेटने टोपी घेतली.

ल्युशियसच्या माशांच्या हॉटेलात दुपारी गर्दी नसायची. तळलेला कॅटफिश, मक्याचा पाव आणि भिंतीवरचा टीव्ही. कोपऱ्यातल्या टेबलावर वेल्ट बसला होता. रूझवेल्ट हे त्याचे पूर्ण नाव, पण इतके कुणी म्हणत नसे. त्याने तीस वर्षे गावच्या शाळेच्या संघाला शिकवले होते आणि अजूनही बोलताना त्याचा आवाज मैदानाच्या पलीकडे पोहोचेल असाच लागायचा.

"आला," वेल्ट म्हणाला. "ये, बस. ओमाहाची बाई आली होती ना तुझ्याकडे? मिस ओडेसाने गाडीचा नंबरसुद्धा सांगितला मला."

"आली होती."

"मी ल्युशियसला हेच सांगतोय. एका झेलावर हॉल ऑफ फेम नसतो. आयुष्यभर खेळावं लागतं. एक दिवस चांगलं वागलं म्हणून कुणी नवरा चांगला ठरतो का?"

"तू तर एक दिवसही वागला नाहीस," ल्युशियस गल्ल्यामागून म्हणाला. "तरी तिने ठेवून घेतलं ना?"

"मी कामाचं बोलतोय. आकडे बघ. त्याच्यापेक्षा जास्त झेल घेतलेले पंचवीस जण बाहेर बसलेत."

"आणि त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्यासाठी मार खाल्ला?" ल्युशियस कपाळ पुसत बाहेर आला. "मी पाहिलंय त्याला. आपल्यापेक्षा दुप्पट माणसाच्या अंगावर जायचा, मागचा पळणारा सुटावा म्हणून. उठायचा, पुन्हा जायचा. टाळ्या त्या मागच्याला. असा एक तरी तुझ्या शाळेत तयार केलास?"

"तू कधी पाहिलंस?"

"मेम्फिसला. त्याच सामन्याला. मी स्टँडमध्ये होतो."

"तू बिअर आणायला गेला होतास. चाळीस वर्षं सांगतोयस की झेल पाहिला, आणि तुझ्या बायकोने मला सांगितलंय की लोक ओरडले तेव्हा तू रांगेत होतास."

ल्युशियसने शेजारचे टेबल पुसायला घेतले. "आवाज तर ऐकला," तो म्हणाला.

तिघेही हसले. एमेटसुद्धा. मग वेल्टने आपला जड हात एमेटच्या खांद्यावर ठेवला. "आणि मुख्य गोष्ट ही बसलीय इथे. हा पोरगा त्या दिवशी मॅबरीला श्वास घेऊ देत नव्हता. तीन चेंडू हाणून पाडले होते याने त्याचे. तीन. घसरला नसता तर चौथाही पाडला असता. खरं की नाही, एमेट?"

एमेटने पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "वेल्ट, मी कसा होतो रे? खरं सांग. गाववाला म्हणून नको सांगू."

वेल्ट चकित झाला. त्याने हात काढून घेतला आणि थोडा वेळ खरोखरच विचार केला. "मी पोरांना तुझं चालणं शिकवायचो," तो म्हणाला. आवाज आता टेबलापुरताच होता. "मागे सरकताना टाचा उचलायचास ना, ते. तुझं नाव न घेता शिकवायचो, नाहीतर पोरं हसतील म्हणून."

"हं," एमेट म्हणाला.

"का विचारलंस?"

"सहज."

परत येताना त्याने व्हॅन चर्चजवळ थांबवली. आत गेला नाही. खिडकी खाली करून बसून राहिला. समोरच्या झाडाखाली दोन बायका बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात केला, त्याने हात केला. आई याच दारातून बाहेर आली होती त्या रविवारी. तो तेव्हा मेम्फिसमध्येच होता, पण त्याला कितीतरी जणांनी सांगितले होते की ती कशी उभी राहिली, पर्स कशी धरली होती. आई बारा वर्षे अंथरुणाला खिळून होती, त्या काळात खरे काय ते एकदोनदा त्याच्या ओठांवर आले होते. मग वाटायचे, तिने आयुष्यात एकदाच सगळ्यांपुढे तोंड उघडले आणि ते माझ्यासाठी. ते खोटे होते असे तिला का कळावे?

पण वेल्टचे बोलणे त्याच्या मनातून जात नव्हते. नाव न घेता शिकवायचो. म्हणजे त्याच्या पायांची चाल गावातल्या कितीतरी पोरांच्या पायांत गेली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. घसरलेल्या माणसाकडून कोण काय शिकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉला आली तेव्हा त्याने तिला स्वयंपाकघरात बसवले नाही. मागच्या अंगणात नेले. दोरीवर चादरी वाळत होत्या. व्हर्लीन हातातला चिमट्यांचा डबा तसाच घेऊन दारात उभी राहिली.

"व्हर्लीन, इकडे ये जरा," एमेट म्हणाला. "तू मॅबरी हो."

"मी कशाला होऊ मॅबरी?"

"कारण मिसेस क्रेचमर लिहिणार आहेत. ये. इथे उभी राहा. माझ्याकडे तोंड कर. आता सरळ माझ्या अंगावर चालत ये."

चिमट्यांचा डबा दोरीखाली ठेवून ती ॲप्रनला हात पुसत आली. तो तिच्यासमोर गुडघे किंचित वाकवून उभा राहिला, टाचा जमिनीवरून उचलून, आणि ती पुढे यायला लागली तसा मागे सरकू लागला. सत्तरीच्या माणसाचे ते सरकणे नव्हते. गुडघे कुरकुरत होते पण पाय विसरले नव्हते.

"तो दिवसभर एकच गोष्ट करत होता," तो पॉलाला म्हणाला. "सरळ पळत यायचा आणि मग आत वळायचा, मैदानाच्या मधल्या बाजूला. वळण्याआधी त्याचा डावा खांदा एवढासा खाली यायचा. व्हर्लीन, डावा खांदा पाड. डावा. हां. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ते माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, घबाड सापडलं. मी कुणाला सांगितलं नाही, आमच्या लोकांनासुद्धा नाही. खांदा पडला की मी आत उडी घ्यायचो आणि चेंडूवर हात मारायचो. तीन वेळा मारला. ओमाहाचे लोक त्याला शिव्या घालत होते."

"ते मला आठवतं," पॉला म्हणाली. "टीव्हीपुढे बसून माझे वडीलही घालत होते."

"शेवटच्या वेळी तो आला. खांदा पडला. पाड, व्हर्लीन. मी आत उडी घेतली." एमेटने उजवीकडे एक पाऊल टाकले आणि थांबला. "आणि तो बाहेर गेला. तू बाहेर जा, चादरींकडे."

व्हर्लीन त्याच्या डावीकडून चादरींकडे गेली. अंगणाच्या त्या बाजूला तिच्यासमोर सगळी जागा मोकळी होती.

"मी इतक्या जोरात वळलो की गुडघा टेकला, मग दुसरा. माझे बूट नीट रुतलेले होते. घसरलो असतो तर पुढे गेलो असतो, तिथल्या तिथे बसलो नसतो. तो दुपारपासून मला तो खांदा दाखवत होता. मुद्दाम. तीन चेंडू त्याने माझ्या हाताने घालवले, सगळ्या ओमाहाच्या शिव्या खाल्ल्या, का, तर शेवटी एकदा मी त्याच्यावर विश्वास ठेवावा म्हणून. इतका धीर मी दुसऱ्या कुठल्या माणसात पाहिला नाही. मला चकवलं त्याने. लिहा तसं."

पॉला लिहीत नव्हती. ती नुसती ऐकत होती. "तुम्हाला कसं कळलं की मुद्दाम होतं?"

"त्यानेच सांगितलं. सामना संपल्यावर आम्ही आत जात होतो. तो आला, माझा दंड धरला. म्हणाला, 'दुसरा कुणी असता तर पहिल्या खेपेलाच काम झालं असतं. तुझ्यासाठी मला अख्खी दुपार खर्च करावी लागली.'" एमेटने दोरीवरची एक चादर उगीचच सरळ केली. "माझ्या खेळाबद्दल कुणीही इतकं चांगलं बोललेलं नाही. पण कुणाला सांगणार? सांगायचं तर आधी कबूल करायला हवं की मी घसरलो नव्हतो."

पॉला गेल्यावर व्हर्लीन चादरींजवळच उभी होती.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस. तू मला सांगायचीस."

ती चिमटे डब्यात टाकत म्हणाली, "पोरींना मी फोन करते. तू नको करू, तू नीट सांगणार नाहीस. अख्खी दुपार वगैरे गाळशील."

महिन्याभराने पॉलाने ते सगळे आपल्या वर्तमानपत्रात लिहिले आणि तिथून ते सगळीकडे गेले. कोल्डवेलमध्ये काही दिवस लोक एमेटशी हवापाण्यावर बोलत राहिले. ल्युशियसने मासा नेहमीपेक्षा मोठा वाढला. मिस ओडेसांनी मात्र त्याला मुद्दाम बोलावून घेतले, यंत्र ठणठणीत असताना.

"चाळीस वर्षं मी लोकांशी भांडतेय तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या जावयाशी मी एक नाताळ बोलले नाही. आणि तू पेपरात सांगतोस की गवताचा काही दोष नव्हता. तुझ्या आईला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं, मॅम."

"वाटलंच असतं." त्या खुर्चीत मागे रेलल्या. "आणि मग तिने सगळ्यांना सांगितलं असतं, की त्या मोठ्या माणसाला माझ्या पोरासाठी अख्खी दुपार लागली. तिला मी ओळखत होते." त्यांनी पंख्याने वारा घेतला. "बस. उभा काय राहिलास, मी काही तुला पगार देत नाही उभं राहायचा."

वेल्ट शाळेच्या मैदानावर गेला आणि आता तिथे शिकवणाऱ्या तरुण प्रशिक्षकाला टाचा उचलून मागे कसे सरकायचे ते दाखवत राहिला, हे एमेटला दुसऱ्यांकडून कळले. या खेपेला वेल्टने नाव घेतले होते.

मतदान हिवाळ्यात झाले. संध्याकाळी पॉलाचा फोन आला आणि तिच्या पहिल्या श्वासावरून त्याला कळले.

"थोडक्यात राहिलं," ती म्हणाली. "मी तुमचं सगळं सांगितलं. खोली शांत झाली होती. एक जण म्हणाला, एवढं चांगलं भाषण त्याने कधी ऐकलं नाही. मग त्यानेच आकडे काढले. आता पुन्हा त्याचं नाव येईल असं मला वाटत नाही."

"तुम्ही तुमचं काम केलंत, मॅम."

"तुम्ही विनाकारण सगळं..." ती म्हणाली.

"विनाकारण नाही," एमेट म्हणाला. मग त्याने तिला ओमाहाच्या थंडीबद्दल विचारले.

मार्च संपत आला होता, डॉगवूडची झाडे पांढऱ्या फुलांनी भरली होती, तेव्हा एका रविवारी जेवणानंतर स्वयंपाकघरातला फोन वाजला. बाईचा आवाज होता, दमलेला पण गोड.

"मिस्टर हार्डवे? मी लॉरेटा मॅबरी. कॉर्नेलची बायको."

एमेट भिंतीला टेकला. "बोला, मॅम."

"पॉलाने छापलेलं तुमचं बोलणं मी त्याला वाचून दाखवते. रोजच म्हणा ना. त्याला फार आवडतं. मी चुकून एखादी ओळ गाळली तरी त्याला शंका येते, काहीतरी राहिलं म्हणतो. तो आता पुष्कळ विसरलाय. डोक्यावर इतका मार खाल्लाय त्याने. तो झेलही त्याला आठवत नाही. फोटो दाखवला तर म्हणतो, हा छान उडी मारतोय, कोण आहे? काल म्हणाला, ज्याने हे सांगितलं त्यालाच विचार. म्हणून फोन केला. तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसली? द्या त्याला."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला. मग एक जड, सावकाश आवाज आला. चाळीस वर्षांपूर्वी दंड धरून बोललेला तोच आवाज, फक्त मधल्या जागा मोठ्या झालेल्या.

"कोण बोलतंय?"

"एमेट. मिसिसिपीहून."

"मिसिसिपीत ऊन आहे का?"

"भरपूर आहे."

"इथे बर्फ आहे. लॉरेटा म्हणते, तू मला खेळताना पाहिलंस."

"पाहिलं ना. अगदी जवळून पाहिलं."

"मग सांग."

व्हर्लीनने रेडिओ बंद केला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. एमेट बसला. त्याने सांगायला सुरुवात केली: थंडी, भरलेले स्टँड, ओमाहाच्या लोकांचे लाल मफलर. खांदा. पहिला चेंडू, दुसरा, तिसरा. लोकांनी घातलेल्या शिव्या सांगितल्या तेव्हा मॅबरी फोनवर हसला. मग शेवटची वेळ. तो खांदा पाडून बाहेर कसा गेला, किती उंच उडाला, चेंडू बोटांच्या टोकांवर कसा बसला आणि तिथून हलला नाही.

पलीकडे खुर्ची करकरली.

"मला अडवायला जो पोरगा होता," मॅबरी म्हणाला, "तो चांगला होता का रे?"

एमेटने टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवला. व्हर्लीन त्याच्याकडे पाहत होती.

"चांगला होता," तो म्हणाला. "तुला अख्खी दुपार लागली."

"आणि तो पडला."

"पडला."

"त्याला फार लागलं का?"

"नाही," एमेट म्हणाला. "उठला तो. आपल्या पायांनी चालत गेला."

"बरं झालं," मॅबरी म्हणाला.